दिव्यातले तेल: ख्रिस्ती माणसाची रोजची जागृती आणि सेवा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. लग्नघर आहे, रात्र झाली आहे आणि वराला यायला उशीर होत आहे, जो प्रकार आपल्याकडच्या लग्नांनाही अपरिचित नाही. दहा मुली दिवे घेऊन वराला सामोऱ्या जायला थांबल्या आहेत. त्यांपैकी पाच जणींनी दिव्याबरोबर तेलाची कुपी घेतली आहे, पाच जणींनी घेतलेली नाही. मध्यरात्री ‘वर आला’ अशी हाक होते, दिवे नीट करायची धांदल उडते, आणि कुपी नसलेल्या पाच जणी दुसऱ्यांकडे तेल मागतात. ते मिळत नाही म्हणून त्या विकत आणायला जातात, आणि परत येईपर्यंत दार बंद झालेले असते.

लहानपणी रविवारच्या शाळेत हा दाखला मी असा ऐकला होता की शहाण्या मुली जाग्या राहिल्या आणि मूर्ख मुली झोपल्या. पुष्कळ जणांच्या मनात तो असाच बसलेला असतो. मजकूर वेगळे सांगतो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलक्या लागल्या आणि दहाही जणी झोपल्या. शहाण्यांनाही झोप आवरली नाही, आणि त्याबद्दल येशूने त्यांना एका शब्दानेही दोष दिलेला नाही. तरीही दाखल्याचा शेवट ‘म्हणून जागृत राहा’ या सांगण्याने होतो. झोपलेल्या मुलींना शहाण्या म्हणायचे आणि लगेच जागे राहायला सांगायचे, ही विसंगती वाटत असेल तर ती तशीच मनात ठेवून पुढे वाचावे, कारण ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या तयारीचे मर्म तिच्यातच आहे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘जागृत राहा’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थ जागे असणे, पहाऱ्यावर असणे असा होतो. वसईत, वांद्र्यात किंवा गिरगावात ग्रेगरी नावाचे कोणी तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांचे नाव याच शब्दकुळातले आहे. मार्काच्या शुभवर्तमानात हाच शब्द एका छोट्या दृष्टांतात येतो. परदेशी जाणारा घरमालक प्रत्येक नोकराला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. मालक संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की सकाळी, हे कोणालाच ठाऊक नाही. रोमी लोक रात्रीचे असे चार प्रहर मोजत, म्हणून हे चार उल्लेख. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पहारा एकट्या द्वारपाळाकडे आहे, बाकीच्यांकडे काम आहे, आणि मालक आल्यावर प्रत्येक जण आपापल्या कामाच्या जागी सापडावा एवढीच अपेक्षा आहे.

तयारी कशाची, हा प्रश्न ख्रिस्ती नसलेला वाचक साहजिकच विचारील. ख्रिस्ती विश्वासानुसार येशू पुन्हा येणार आहे आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणार आहे. रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी उभी राहून जो विश्वासांगीकार म्हणते, त्यात हे वाक्य आहे. त्याच्या जोडीला प्रत्येकाचा स्वतःचा मृत्यू आहे, आणि तोही वेळ सांगून येत नाही. तयारी या दोन्हींची असते. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समुदाय, पाळतात, तोही केवळ गोठ्यातल्या बाळाची आठवण म्हणून नाही. त्या दिवसांतले पाठ आवर्जून दुसऱ्या येण्याकडे लक्ष वेधतात. आपल्याकडे मात्र त्या चार आठवड्यांत करंज्या, नेवऱ्या आणि ताऱ्याच्या आकाराच्या आकाशकंदिलांची इतकी गडबड असते की हे पाठ बहुधा कानावरून जातात.

या तयारीचा इतिहासात दोन प्रकारे विपर्यास झाला आहे. पहिला प्रकार तारीख काढण्याचा. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी देवदूतांनाही ठाऊक नाही आणि पुत्रालाही नाही, पित्याखेरीज कोणालाच नाही, असे येशू स्वच्छ सांगतो. तरीही हिशेब मांडणारे प्रत्येक शतकात निघाले. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी उभी पिके कापली नाहीत, कारण ती खायला कोणी उरणारच नव्हते. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सूर्य उगवला, आणि ती घटना ‘महानिराशा’ या नावानेच इतिहासात राहिली. दुसरा प्रकार त्याहून फार जुना आहे. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या अगदी आरंभीच्या मंडळीत काही जणांनी प्रभूचा दिवस आलाच आहे असे समजून कामधंदा सोडला आणि ते दुसऱ्यांच्या घरी लुडबुड करत फिरू लागले. त्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्यांना उत्तर आहे, आणि ते मोठे रोखठोक आहे: ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. हे पत्र प्रेषित पौलाच्या नावावर आहे, आणि तंबू शिवून पोट भरणाऱ्या त्याच्या तोंडी ते शोभतेही. याचा अर्थ असा की ख्रिस्ती शास्त्र तयारीच्या नावाखाली रोजच्या कामातून सुटका देत नाही. ते माणसाला परत त्याच्या कामावरच पाठवते.

डोळे मिटूनही तयार असणे म्हणजे काय, हे मला शास्त्राच्या कुठल्याही टीकेपेक्षा भायखळ्याने अधिक नीट समजावले. आमची मंडळी भायखळ्याची, आणि मुंबई अग्निशमन दलाचे मुख्यालयही भायखळ्यालाच. शाळेत असताना येताजाता आत डोकावले की जवान काय करताना दिसत? गाड्या धूत असत, होज गुंडाळून ठेवत असत, कोणी चहा पीत असे, कोणी पाळी संपवून आडवे झालेले असे. आगीशी झुंजणारी माणसे इतकी निवांत कशी, याचे मला नवल वाटे. पण घंटा झाली की काही क्षणांत गाडी फाटकाबाहेर असायची. त्यांची तयारी होजमध्ये होती, भरलेल्या टाकीत होती, कवायतीत होती. म्हणूनच त्यांना झोपणे परवडत होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाला आग लागली आणि प्रचंड स्फोट झाले. त्या दिवशी दलाचे ६६ जवान कामी आले, आणि म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तो शुक्रवार त्या जवानांनाही सकाळी इतर शुक्रवारांसारखाच वाटला असणार.

दाखल्यातले तेल म्हणजे नेमके काय, यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे. कोणी त्याला विश्वास म्हणते, कोणी पवित्र आत्मा, कोणी सत्कर्मे. मला त्या वादात फारसा रस नाही. दाखला स्वतः तेलाविषयी दोन गोष्टी सांगतो आणि त्या पुरेशा आहेत: ते आधी भरावे लागते, आणि ते ऐन वेळी उसने मिळत नाही. शहाण्या मुलींनी नकार दिला याचा अनेकांना राग येतो. वाटून घ्यायला शिकवणारा येशू अशा आपमतलबी मुलींना शहाण्या कसा म्हणतो, असा प्रश्न आमच्या तरुण संघात दर वेळी निघतो. पण रियाज एकाने केला आणि गळा दुसऱ्याचा तयार झाला, असे कधी होत नाही. नवऱ्याच्या प्रार्थनेवर बायको किंवा आईच्या भक्तीवर मुलगा आयुष्यभर चालू शकत नाही, एवढेच त्या नकाराचे तात्पर्य असावे.

मग हे तेल रोज भरायचे कसे? याची उत्तरे मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत वेगवेगळी आहेत, कारण इथले ख्रिस्ती लोकही एका मुशीतले नाहीत. कॅथॉलिक घरांत रोजची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, संध्याकाळची रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळा होणारी देवदूताच्या निरोपाची प्रार्थना हा जुना शिरस्ता आहे. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट मराठी घरांत संध्याकाळची कुटुंबप्रार्थना असे: शास्त्राचा एक भाग, एक गीत, आणि मग घरातल्या कोणीतरी एकाने केलेली प्रार्थना, जी आजोबांच्या पाळीला फार लांबायची. गीत बहुधा नारायण वामन टिळकांचे असायचे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे आणि भजनाचे वळण दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. नेमाशिवाय भक्ती टिकत नाही, ही वारकऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्यामुळे आम्हाला परकी वाटली नाही.

ज्यांच्या दिवसाला संध्याकाळच उरलेली नाही, अशांसाठी मी एक जुनी रीत सुचवीन. सोळाव्या शतकात येशूसंघाची स्थापना करणाऱ्या इग्नेशिअस लोयोला यांनी आपल्या लोकांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, स्वतःच्या दिवसाची उजळणी करायला शिकवले. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे, मग स्वतःकडे खरेपणाने पाहता यावे म्हणून देवाकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायचा, जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एखादी गोष्ट ठरवायची. मी प्रॉटेस्टंट असून हे येशूसंघीयांकडून उचलले आहे आणि परतीच्या लोकलमध्ये ते करतो. भायखळ्याला गाडीत चढल्यापासून करी रोडपर्यंत आभार आटोपतात. दादरला आत घुसणाऱ्या गर्दीत काही सुचत नाही, ती दोन मिनिटे सोडून देतो. माटुंगा, शीव, कुर्ला या टप्प्यात दिवस डोळ्यांपुढून जातो, आणि बहुतेक वेळा मोठ्या पापाऐवजी एखादा चेहरा आठवतो: ज्याला मी बोलताना मध्येच तोडले, ज्याचा फोन उद्या करू म्हणून ठेवून दिला. घाटकोपरला उतरण्याआधी एक नाव पक्के करायचे, ज्याच्याकडे उद्या जायचे आहे. हे रोज साधते असे नाही. पुष्कळदा विद्याविहारच्या आधीच डुलकी लागते, आणि मग त्या दहा मुली आठवून थोडे बरे वाटते.

एका नावापाशी येऊन थांबणारी ही उजळणीच सेवेकडे नेते. प्रार्थना ही तयारी आणि सेवा हे नंतरचे वेगळे खाते, अशी विभागणी आपण सहज करतो. मत्तयाचा पंचविसावा अध्याय ती करत नाही. त्यात कुमारींच्या दाखल्यानंतर धन्याने सोपवलेल्या पैशांचा दाखला येतो आणि शेवटी न्यायाचे चित्र येते, ज्यात मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करावीत तसा राजा माणसांना वेगळे करतो. तिथे राजा विचारतो ते भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि तुरुंगातल्याची भेट यांविषयी. हे तुम्ही माझ्या एका लहानातल्या लहान भावाला केले ते मलाच केले, असे तो म्हणतो तेव्हा नीतिमान चकित होतात आणि विचारतात, प्रभो, आम्ही तुला भुकेले कधी पाहिले? आपण काही विशेष केले हे त्यांच्या गावीही नसते. ज्या वराची वाट पाहायची तो अनोळखी वेषात आधीच येऊन जातो आहे, असा त्या चित्राचा अर्थ घेतला की तीनही भाग एकाच धाग्यात बसतात.

सेवेसाठी नव्या करारात ‘दियाकोनिया’ हा ग्रीक शब्द येतो, ज्यावरून मंडळीतले डीकन, म्हणजे सेवक, आले. त्याचा एक वापर अगदी घरगुती होता: पंगतीत वाढणे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत तक्रार होते की रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते. त्यावर सात माणसे निवडायचे ठरते, आणि त्यांची पात्रता काय असावी? लोकांत नाव चांगले असावे आणि ते आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावेत. वाढप्यांसाठी इतकी कडक अट! आमच्याकडे जेवणाची जबाबदारी सहसा त्याच्या गळ्यात पडते जो त्या दिवशी बैठकीला आलेला नसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, जे काम घरातल्या सर्वांत खालच्या दासाचे होते. पवित्र गुरुवारी कॅथॉलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात ते त्याच्याच स्मरणार्थ. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यापासून त्या बारांत स्त्रियाही बसू शकतात. या प्रसंगात मला पेत्र हा शिष्य जवळचा वाटतो, जो आधी पाय धुऊ द्यायलाच तयार नसतो. आपली सेवा कोणी करणे हे सेवा करण्यापेक्षा अवघड जाते, आणि आजारपण आले की ते प्रत्येकाला शिकावे लागते.

आमच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत, ज्यांना लहानथोर सगळे मावशी म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस त्या ओळखीच्या, अनोळखी रुग्णांना घेऊन सरकारी रुग्णालयात जातात. उपचार डॉक्टर करतात. मावशी केसपेपरच्या रांगेत उभ्या राहतात, कोणती खिडकी किती वाजता बंद होते ते सांगतात, आणि गावाहून आलेल्या घाबरलेल्या माणसाला रक्त कुठे द्यायचे आणि रिपोर्ट कुठून घ्यायचा ते दाखवतात. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत काय असते ते एकदा मी पाहिले: दोन पेने, छोटा स्टेपलर, दहा दहाच्या सुट्या नोटा, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, सेफ्टी पिना, एक जुनी ओढणी. ओढणी कशाला, असे विचारले तर म्हणाल्या, “एक्स-रेला बायकांना गाऊन देतात तो मागून उघडा असतो.” ती पिशवी रात्री भरून दाराशी ठेवलेली असते. पहाटे पाच ते साडेपाच त्या शास्त्र उघडून बसतात. सेवा इतकी करता तर पहाटेची झोप मोडायची काय गरज, असे मी एकदा म्हटले. त्या म्हणाल्या, “सकाळी बसले नाही तर अकरा वाजेपर्यंत मी पेशंटवरच खेकसायला लागते.”

मार्था आणि मरीया या बहिणींच्या गोष्टीवर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, पण मावशींचे हे वाक्य त्या सगळ्यांपेक्षा जास्त कामाचे आहे. मार्था येशूच्या जेवणाची तयारी करते, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, आणि मार्था तक्रार करते. येशू तिच्या स्वयंपाकाला नावे ठेवत नाही; तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस आणि दगदग करतेस, असे म्हणतो. रिकाम्या दिव्याने सेवा करू पाहणाऱ्याची चिडचिड त्याने अचूक ओळखली होती.

याच कसोटीवर आणखी एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे. ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, अशी शंका आपल्या शहरात अनेकांच्या मनात असते. तिला उत्तर देताना आमच्यातले काही जण फार लवकर दुखावतात. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, असे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. गळाला लावलेले अन्न हे अन्न नव्हे, आमिष आहे. ज्या नीतिमानांना आपण काही केल्याचे भानही नव्हते, त्यांच्या ओळीत ते देणारा बसत नाही. रुग्णाचा धर्म मावशींना केसपेपरवरच्या नावावरून कळतो, आणि तिथेच तो विषय संपतो.

मोठ्या कामांतही तेल आधीच भरलेले दिसते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मराठी वाचकांना परके नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले, जे पुढच्या वर्षी पुण्याला हलले. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि मळा उभा करायला घेतला. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, ज्यांची संख्या शेकड्यांत गेली. त्यांना ठेवायला जागा होती, कारण जमीन दुष्काळ पाहून घेतलेली नव्हती.

माझ्या आजीची तयारी याहून पुष्कळ लहान होती. माझगावच्या चाळीतल्या खोलीत, खाटेखाली तिची लोखंडी ट्रंक असे. तिच्यात तळाशी एक कोरे पांढरे लुगडे, मोजे, एका चिठ्ठीवर दफनविधीच्या गीतांचे क्रमांक, आणि एक लिफाफा होता. लिफाफ्यावर तिने ‘शिवडी’ एवढेच लिहिले होते, कारण आमच्यातल्या माणसांचा शेवट शिवडीच्या दफनभूमीत होतो. त्या लिफाफ्यात ती पेन्शनीतून थोडे थोडे पैसे टाकत असे आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची सक्त मनाई होती.

ती गेली तेव्हा आम्ही लिफाफा उघडला. आत साठ रुपये होते आणि कागदाचे कपटे होते, प्रत्येकावर तिच्या थरथरत्या अक्षरात एक एक नोंद: तळमजल्यावरच्या मुलीची परीक्षा फी, समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा चष्मा, दूधवाल्याच्या पोराचे औषध. काही कपट्यांवर ‘मिळाले’ असे लिहून रेघ मारलेली होती, बऱ्याचशांवर नव्हती. दफनाचा खर्च आम्ही भावंडांनी वाटून घेतला. लुगडे मात्र तिने ठेवलेलेच नेसवले, आणि गीते तिच्या चिठ्ठीप्रमाणेच म्हटली.